रायफलीची उशी

एअर रायफल घेतली की दोन-चार दिवसांत एक प्रश्न पुढ्यात येतो: ही टेकवायची कशावर? दुकानात हे कुणी सांगत नाही. व्हिडिओ बघावेत तर त्यात शिकारीच्या मोठ्या बंदुका, त्यांचे लोखंडी रेस्ट आणि डॉलरमधल्या किमती. मी कोल्हापुरात राहते, एका शाळेच्या कार्यालयात क्लार्क आहे, वय 46. टेकू शोधण्यात माझे बरेच महिने गेले. नव्याने सुरुवात करणाऱ्याला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आधी एक खुलासा, कारण घरच्यांनीही मला हाच प्रश्न विचारला होता. ऑलिंपिकमधल्या 10 मीटर एअर रायफलमध्ये टेकू चालतच नाही. उभं राहायचं, साडेपाच किलोपर्यंतची रायफल स्वतःच्या हाडांवर तोलायची, खांद्याचा पट्टासुद्धा वापरायचा नाही. पॅरा नेमबाजीत एसएच2 गटातल्या खेळाडूंना स्प्रिंगचा स्टँड मिळतो, कारण त्यांच्या हातांना रायफलीचं वजन पेलत नाही. बाकी कुणाला नाही. मग उशा कशाला शिवायच्या? तर नेम चुकला की तो माझ्यामुळे चुकला की रायफलीमुळे, हे उभ्याने मारताना कळतच नाही. सगळंच हलत असतं. टेकूवर ठेवलं की माझं हलणं बरंचसं बाजूला होतं, आणि मग रायफल, साइट (नेम धरायचं साधन) आणि पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) यांची तपासणी करता येते. शिवाय ट्रिगर कसा दाबायचा हे नवख्या माणसाला वजन पेलत पेलत शिकता येत नाही.

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्या आठवड्यात कोल्हापुरात प्रत्येक घरात नेमबाजीतला एक तज्ज्ञ तयार झाला होता. तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराचं, विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हाही असंच झालं होतं, मी तेव्हा पेपरातलं कात्रण ठेवलं होतं. या वेळी कात्रणावर थांबायचं नाही असं ठरवलं. दिवाळीनंतर एका क्लबात चौकशीला गेले. रांगेत सगळी सहावी-सातवीतली पोरं आणि त्यांचे पालक. मला विचारलं, "मुलगा कितवीत आहे?" म्हटलं, मुलगा इंजिनिअरिंगला आहे, नाव माझं लिहा.

फॉर्मसोबत आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, दोन फोटो, डॉक्टरांचा दाखला आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला होता. प्रत्येक क्लब सगळं मागतोच असं नाही, पण पोलिसांचा दाखला मागत असतील तर तो सगळ्यात आधी ऑनलाइन भरा, कारण वेळ त्यालाच लागतो. माझा अर्ज एकदा परत आला. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला जोडून पुन्हा भरला. बायकांनी हा कागद पहिल्याच फेरीत जोडावा, हेलपाटा वाचेल. पोलीस ठाण्यातले हवालदार भले होते. त्यांनी कारण वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत कारण वाचलं आणि म्हणाले, "नेमबाजी. बरं आहे, बरं आहे." तीन आठवड्यांच्या आसपास दाखला हातात पडला. क्लबची तिमाही फी 6,000 रुपये, त्यात क्लबची रायफल वापरायची सोय. पेलेट आपले आपण आणायचे.

डिसेंबर सगळा सुरक्षेच्या नियमांत आणि टेबलावर बसून मारण्यात गेला. क्लबात नवख्यांसाठी एक लाकडी ठोकळा होता, वरच्या बाजूला इंग्रजी व्हीसारखी खाच आणि तिच्यावर गोधडीचा तुकडा ठोकलेला. पोरांनी वापरून वापरून गोधडी एका बाजूला दबली होती. रायफल त्या बाजूला कलायची, मग आपण नकळत मनगटाने ती सरळ करत राहायचो. आमचे सर म्हणाले, "टेकू चांगला की वाईट हे एका गोष्टीवरून ओळखायचं. नेम धरा आणि हात सैल सोडा. साइट जागेवर राहिली तर टेकू चांगला. सरकली तर तेवढा जोर तुम्ही लावत होता." ही परीक्षा मी पुढे प्रत्येक टेकूला लावली. दुकानात उभं राहूनसुद्धा लावता येते.

मार्चमध्ये, पाडव्याच्या आधी, स्वतःची रायफल घेतली. देशी बनावटीची, स्प्रिंगची, अकरा हजारांच्या जवळपास. ऑलिंपिक दर्जाच्या, दाबाच्या हवेवर चालणाऱ्या परदेशी पीसीपी रायफलीची किंमत लाखांत जाते, ती माझ्या पगारात बसणारी नव्हती. 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिमी तोंडाच्या आणि 20 जूलपेक्षा जास्त शक्ती नसलेल्या एअर रायफलीला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. तरी दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो आणि नोंद ठेवतो. बिलाची झेरॉक्स रायफलीच्या कव्हरमध्येच ठेवायची. रिक्षातून जाताना कव्हरची चेन पूर्ण बंद. लोकांना आत काय आहे हे कळायचं काही कारण नसतं.

आता मुख्य विषय. दुकानातच मला बायपॉड दाखवला, पुढे लावायचे दोन पाय, 1,800 रुपये. दिसायला झकास. एक क्लबमित्र कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घेऊन आला, त्यावर रबरी खोबण बसवली होती. तिसरा पर्याय म्हणजे तीन पायांचा, स्क्रूने वर-खाली होणारा लोखंडी रेस्ट, बाहेरून मागवला तर कस्टम ड्युटी धरून माझ्या रायफलीच्याच किमतीला पोचत होता. चौथा, पुढून मागून रायफल पकडून ठेवणारा अखंड सांगाडा. आणि पाचवा म्हणजे वाळूच्या दोन पिशव्या, एक पुढे, एक मागे.

स्प्रिंगच्या रायफलीचा एक स्वभाव आहे, तो आधी कळला तर पैसे वाचतात. ट्रिगर दाबला की आतली स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, त्याने रायफल मागे सरकते. मग दट्ट्या हवा दाबत शेवटाला येऊन थांबतो आणि रायफल पुढे झटका खाते. हे सगळं सुरू होतं तेव्हा पेलेट अजून बॅरलच्या आतच असतो. म्हणजे रायफल कशावर टेकली आहे, किती घट्ट धरली आहे, यावर पेलेट कुठे जाणार हे ठरतं. तिला प्रत्येक वेळी सारखंच हलू द्यावं लागतं. आवळून धरलेली किंवा कडक गोष्टीवर ठेवलेली स्प्रिंगची रायफल भलतीकडेच मारते, बहुतेक वेळा वर. पीसीपी रायफलीत हा दट्ट्याच नसल्यामुळे तिला हे लाड लागत नाहीत. त्यामुळे व्हिडिओत एखादा माणूस अखंड सांगाड्यात रायफल कसून बसवतो आणि एका भोकात पेलेट घालतो, तेव्हा त्याच्या हातात कुठली रायफल आहे ते आधी बघा.

हे सरांनी तोंडी सांगितलं होतं, पण मला कागदावर बघायचं होतं. एकच पेलेटचा डबा, तेच 10 मीटर, तीच संध्याकाळची वेळ, आणि बदलायचा तो फक्त टेकू. प्रत्येक टार्गेटवर पाच पेलेट. मग सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं आणि त्यातून 4.5 मिमी वजा करायचे, की केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मिळतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर शिक्षकांकडून मागून आणला. एका ग्रुपवर, म्हणजे एका टार्गेटवरच्या पाच भोकांच्या झुबक्यावर, विश्वास ठेवू नका, नशिबानेही चांगला येतो. बायपॉडवर माझे ग्रुप 17-18 मिमीच्या खाली येईनात, कारण पायांवर पुढे किती रेलते आहे हे दर खेपेला बदलत होतं. ट्रायपॉडवर 14 च्या आसपास, पण डोकं जरा हललं तरी साइट डोलायची. तांदळाच्या पिशवीवर, म्हणजे घरातल्या दोन किलोच्या तांदळावर, 11. बायपॉड घेतला नव्हता, उसना होता, तो लगेच परत गेला.

एवढ्यावर उशा शिवायचं ठरलं. तांदूळ कायमचा ठेवण्यात अर्थ नव्हता, पावसाळ्यात त्यात पोरकिडे होणार आणि शेवटी पिशवी घरातल्यांनी शिजवायला घेतली असती.

एप्रिलमध्ये पुठ्ठ्याचे नमुने कापून चप्पल लाईनला गेले. ओळखीचे एक कारागीर आहेत, आमच्या सासऱ्यांपासून त्यांच्याकडून चप्पल घेतो. म्हटलं, "मामा, उशी शिवायची आहे. बंदुकीसाठी."

"बंदुकीला उशी?" मामांनी चष्मा वर केला. "माणसाला झोप लागंना, आणि तुम्ही बंदुकीला निजवाय लागलाय व्हय?"

पण नमुना हातात घेतल्यावर ते गंभीर झाले. पुढची पिशवी विटेएवढी, वरून मध्ये किंचित खोलगट. मागची लहान, तिला वर दोन कान आणि कानांच्या बेचक्यात रायफलीच्या दस्त्याची खालची कड बसणार. मामांनी दोन बदल सुचवले आणि दोन्ही बरोबर निघाले. एक, शिलाई आतून घ्यायची आणि जिथे लाकूड टेकतं तिथे जोड येऊ द्यायचा नाही, नाहीतर लाकूड त्या कडेवर अडकून उडी मारणार. दुसरा, तोंड कायमचं शिवायचं नाही. "वाळू बदलायची म्हणलासा तर काय पिशवी फाडणार?" त्यांनी तोंडाला झडप लावून चामड्याच्या वादीने बांधायची सोय केली. अंगाला जाड कातडं, कानांना मेंढीचं मऊ कातडं, मेण लावलेला दोरा. दोन्हींचे मिळून 650 रुपये, आठ दिवसांचा वायदा, मिळाल्या लग्नसराई संपल्यावर. कोल्हापुरात मे महिन्यात चप्पलवाल्याकडे दुसरं काही काम टाकायचंच नसतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं असं घरचे म्हणाले.

वाळूचा प्रश्न आपल्या गावाने सोडवला. शिरोली एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत, तिथे साच्यासाठी बारीक, एकसारख्या दाण्याची कोरडी सिलिका वाळू वापरतात. एका नातेवाइकाने अर्धं पोतं आणून दिलं. नदीची वाळू वापरणार असाल तर ती धुऊन, गच्चीवर खडखडीत वाळवून, चाळून घ्यावी लागते. सिलिका वाळूची एक सक्त सूचना: तिची धूळ फुप्फुसांना वाईट. भरताना मास्क लावायचा, काम उघड्यावर करायचं, लहान मुलांना लांब ठेवायचं. आणि वाळू थेट कातड्यात ओतायची नाही. मी घरच्या मशीनवर जुन्या जीन्सच्या पायाच्या दोन आतल्या पिशव्या शिवल्या, दुहेरी टीप मारून, आणि त्यात वाळू भरून ती पिशवी कातड्यात सरकवली. पुढची पिशवी ठासून भरायची, पिशवी जमिनीवर आपटायची, वाळू बसली की आणखी भरायची. अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम खड्डा पडला पाहिजे. मागची मात्र थोडी सैल ठेवायची, कारण ती डाव्या हाताच्या मुठीत हलकेच दाबली की दस्ता वर येतो, सोडली की खाली जातो, आणि साइटची उंची अशीच जुळवायची असते. पुढच्या पिशवीला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी रेंजवर एक अडचण निघाली. 10 मीटरच्या टार्गेटचं केंद्र जमिनीपासून 1.40 मीटर उंचीवर असतं. टेबल 75 सेंटीमीटरचं, त्यावर उशी, त्यावर रायफल, तरी नळी टार्गेटच्या बरीच खाली राहते. म्हणजे तोंड थोडं वर करावं लागतं आणि पुढची उशी उंच लागते. वह्या-पुस्तकं खाली घालू नका, ती सरकतात. मी सुताराकडून सागाच्या उरलेल्या तुकड्याचे दोन ठोकळे कापून घेतले आणि खाली सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. त्याने पैसे घेतले नाहीत, एक पेलेट मारायला मिळेल का विचारलं. ते माझ्या हातात नव्हतं.

टेबलसुद्धा टेकूचाच भाग आहे हे कुणी सांगत नाही. प्लास्टिकच्या टेबलावर जगातला सर्वांत महागडा रेस्ट ठेवला तरी कोपर हललं की सगळं हलणार. छाती टेबलाला टेकवू नका, पीप साइटमधून, म्हणजे डोळ्यासमोरच्या बारीक भोकातून, हृदयाचे ठोके दिसायला लागतात, अगदी खरोखर दिसतात.

मग तीच मोजणी पुन्हा. रायफल थेट उशीवर ठेवून 10 मिमी. नंतर सरांनी सांगितलं तसं डावा हात उशीवर उताणा ठेवला, आणि रायफल त्या उघड्या तळव्यावर, बोटं मिटायची नाहीत. मागे गाल हलका, खांद्याला जेमतेम स्पर्श. ग्रुप 7 मिमीवर आला आणि तिथेच राहिला. स्प्रिंगच्या रायफलीसाठी उशी हाताला आणि हात रायफलीला, अशी व्यवस्था. क्लबची पीसीपी थेट उशीवर ठेवली तेव्हा पाच पेलेटचं मिळून एकच रुंदट भोक पडलं, व्हर्निअरवर 3 मिमी. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो आणि नऊचं 5.5 मिमीचं, तेव्हा हा फरक स्कोअरवर किती पडतो ते बघा. मला त्या दिवशी खूप हलकं वाटलं. उभ्याने मारताना माझे पेलेट जे 30-40 मिमी पसरत होते, त्यातले रायफलीचे फक्त 7. बाकी सगळे माझे. दोष कुणाचा हे एकदा कळलं की रायफल बदलायचे विचार थांबतात.

काही बारीकसारीक गोष्टी. रायफल दर वेळी लाकडाच्या त्याच जागी टेकली पाहिजे, मी तिथे मास्किंग टेपची पट्टी लावली आहे. बॅरल कधीही उशीवर टेकवायची नाही. पट्ट्यासाठी खाली कडी असेल तर ती उशीत रुतता कामा नये, शक्य असेल तर काढून ठेवा. मागच्या उशीच्या कानांच्या आतल्या बाजूला थोडी टाल्कम पावडर लावली की लाकूड न अडकता सरकतं. स्प्रिंगची रायफल पेलेट न घालता उडवायची नाही, आत मार बसतो. आणि पेलेट शिशाचे असतात, चहाला जायच्या आधी हात साबणाने धुवा.

टेकू पक्का झाल्यावर पेलेटची निवड सोपी झाली. एकाच नावाचे पेलेट 4.49, 4.50, 4.51 अशा डोक्याच्या मापात मिळतात, आणि कुठल्या नळीला कुठला मानवेल हे मारूनच कळतं. बाराशेचा 500 चा डबा घ्यायच्या आधी क्लबात वाटून थोडे थोडे मारून पाहिले. माझ्या रायफलीला महागातला डबा आणि मधल्या किमतीतला डबा यांत काही फरक पडला नाही, म्हणून मी मधला वापरते.

पावसाळ्यात उशांनी त्रास दिला. जुलैत कातड्यावर पांढरी बुरशी आली आणि मागची पिशवी वजनाला जड लागायला लागली. कोरड्या फडक्याने पुसून, वाळू काढून तव्यावर गरम करून परत भरली. तेव्हा मामांची झडप आठवली आणि त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. आता उशा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात. नव्याने करणाऱ्याने मागच्या पिशवीत प्लास्टिकचा दाणा भरायलाही हरकत नाही, ओल धरत नाही. हलका असतो एवढंच.

ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव दिलं. पुन्हा फॉर्म, पुन्हा जन्मतारखेचा पुरावा, क्लबचं पत्र, आणि या वेळी विवाहाचा दाखला आधीच जोडलेला. तिथे उशी अर्थातच बाहेर. रायफलीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालून तपासणीच्या टेबलावर ठेवली, त्यांनी वजन केलं, परत दिली. स्कोअर सांगण्यासारखा नाही, पण प्रत्येक पेलेट कुठे गेला आणि का गेला हे मला मारताना कळत होतं. माझ्या शेजारच्या लेनवर बारा वर्षांची मुलगी होती, ती मध्ये मध्ये माझ्याकडे बघून हसत होती.

आता क्लबच्या .22 रायफलीवर 50 मीटरला सुरुवात करायची परवानगी मिळाली आहे. तिथे गुडघ्यावर बसून मारताना घोट्याखाली रोल, म्हणजे गोल लांबट उशी, चालतो, नियमाने जास्तीत जास्त 25 सेंटीमीटर लांब आणि 18 सेंटीमीटर जाडीचा. तयार रोल परवडत नाही. माप पुठ्ठ्यावर काढून मामांकडे दिलं आहे. ते म्हणाले, आता उशीनंतर लोड का. साडेचारशे सांगितलेत, निम्मे आगाऊ घेतले, आणि या वेळी मी लग्नसराईच्या आधीची तारीख पावतीवर लिहून घेतली आहे.